दोन शोधिका : 'प्राइम सस्पेक्ट' आणि 'शेरनी'

डिटेक्टिव्ह कथेला आपल्याकडील रसिकांनी वाङ्मयाच्या ओसरीवर बसू दिले. माजघरात मात्र कधी घेतले नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्या पराक्रमांवर महाराष्ट्रातील मुलांच्या दोन पिढ्या पोसल्या. पण मोठेपणी त्या पुस्तकांविषयी बोलण्याची वेळ आली की हीच मुले संकोचाने हसत. या संकोचास अगदीच कारण नव्हते असे म्हणवत नाही. या कथांचा सारा जीव कुतूहलात असतो. खून होतो, पोलीस गोंधळतात, तीक्ष्ण बुद्धीचा एक पुरुष पुढे येतो, गाठ सुटते, आणि गुन्हेगाराच्या हातात बेड्या पडताच जग पूर्ववत चालू लागते. एकदा गाठ सुटली की त्या कथेकडे परत फिरावे असे तीत काही उरत नाही. आपल्या जुन्या परिभाषेत बोलायचे तर ही अद्भुतरसाची कथा. विस्मय ओसरला की ती रिती होते.

या कथेत एक करार गृहीत धरलेला असतो, आणि तो इतका अंगवळणी पडलेला असतो की वाचकाच्या ध्यानातही येत नाही. सत्य एकदा सापडले की ते स्वीकारले जाईल, हा तो करार होय. शोधणाऱ्याने बोट दाखवायचे आणि सरकारने, न्यायालयाने व समाजाने त्या दिशेला पाहायचे, असे जणू ठरलेलेच असते. इंग्लंडातील टेलिव्हिजनने गेल्या तीन-साडेतीन दशकांत या करारालाच हात घातला, आणि तसे करताना तपासाची सूत्रे वारंवार स्त्रीच्या हाती दिली. त्यातून सावकाश चालणारा, विषण्ण वृत्तीचा असा एक नाट्यप्रकार रूढ झाला. त्यातील सर्वांत ठळक कृती म्हणजे 'प्राइम सस्पेक्ट'. तिचा, आणि तिच्या जोडीला २०२१ साली आलेल्या 'शेरनी' या हिंदी चित्रपटाचा, येथे विचार करावयाचा आहे. या दुसऱ्या कृतीतील प्रसंगांचे साम्य आपल्या यवतमाळ जिल्ह्यात घडलेल्या एका प्रकरणाशी आहे. परंतु केवळ तेवढ्याच कारणाने ती निवडलेली नाही. पहिल्या कृतीने विचारलेला प्रश्न दुसरीने आणखी पुढे नेला, आणि पहिलीने पार पाडलेले एक कर्तव्य मात्र दुसरीच्या हातून निसटले, असे आमचे मत आहे.

'प्राइम सस्पेक्ट'चा पहिला भाग ग्रॅनडा या संस्थेने एप्रिल १९९१ मध्ये दाखविला. लेखिका लिंडा ला प्लांट. नायिका जेन टेनिसन, आणि तिची भूमिका हेलन मिरेन यांची. टेलिव्हिजनवर स्त्री-पोलीस अधिकारी त्याआधीही आल्या होत्या. १९८० साली तिकडे अशा दोन मालिका सुरू झाल्याच होत्या. तथापि टेनिसनच्या चित्रणामागे जॅकी माल्टन या लंडनच्या पोलीस दलातील प्रत्यक्ष अधिकारी स्त्रीचा अनुभव उभा होता. लेखिकेने तिच्याकडून कचेरीतली हवा नीट समजून घेतली, आणि तो अस्सलपणा नाटकाच्या पहिल्या दृश्यापासून जाणवतो.

कथानक थोडक्यात असे. एका तरुणीचा निर्घृण खून झाला आहे. तपास करणारा शेफर्ड हा लोकप्रिय अधिकारी संशयित जॉर्ज मार्लो याला पकडून आरोप ठेवण्याच्या बेतात असतानाच हृदयविकाराने मरण पावतो. आजवर जिला मोठ्या खटल्यांपासून कटाक्षाने दूर ठेवण्यात आले ती टेनिसन आग्रहाने हा तपास मागून घेते. कागदपत्रे चाळताच पहिली गोष्ट तिच्या ध्यानात येते ती ही की, प्रेताला दिलेले नावच चुकीचे आहे. डेला मोर्ने नावाची वेश्या म्हणून जिची नोंद झाली ती वस्तुतः कॅरन हॉवर्ड ही निराळीच मुलगी आहे. मग डेलाचे काय झाले? शेफर्डचा तिच्याशी काय संबंध होता? आणि त्याचा जिवलग सहकारी सार्जंट ऑटली काय दडवीत आहे?

या एका युक्तीत लेखिकेचे कौशल्य दिसून येते. खुनी कोण, याविषयीचे कुतूहल ती फारसे ताणीतच नाही; 'मुख्य संशयित' हे नावच त्याची कल्पना देऊन टाकते. आपले लक्ष हळूहळू मार्लोवरून ढळते आणि तपास करणाऱ्या कचेरीवर येऊन स्थिरावते. चूक का झाली? एका वेश्येच्या प्रेताकडे नीट पाहण्याची कोणास गरज वाटली नाही म्हणून झाली. ती झाकून का ठेवली जात आहे? मेलेल्या मित्राची अब्रू राखावयाची आहे म्हणून. घरात जन्मलेल्या माणसाला घराचा वास येत नाही. सुनेला तो पहिल्याच दिवशी येतो. टेनिसन ही त्या कचेरीतली सून आहे. तिला खुर्ची मिळाली आहे, परंतु खुर्चीभोवतालचे गोत मिळालेले नाही. म्हणूनच तिला जे दिसते ते इतरांना दिसत नाही. नायिका स्त्री असणे हा येथे नवेपणासाठी चढविलेला अलंकार नव्हे; संविधानकाचा तो कणा आहे.

ऑटलीच्या स्वभावरेखनाचाही उल्लेख केला पाहिजे. तो टेनिसनला पाण्यात पाहतो, तिच्या पायात पाय घालतो, पुरावा लपवितो. एवढ्यावरून त्याला खलपुरुष ठरवून मोकळे होणे लेखिकेला सोपे होते. पण त्याचा द्वेष मित्रशोकातून उगवला आहे हे ती आपणांस विसरू देत नाही. ज्याची खुर्ची अजून गार झालेली नाही अशा मित्राच्या जागी एक परकी बाई येऊन बसते आणि त्याच्याच चुका वेचू लागते, हे त्याचे दुःख खोटे नाही. टॉम बेल या नटाने ते थोड्या शब्दांत आणि पुष्कळ मौनात दाखविले आहे. त्यामुळे दोघांमधील झगडा सुष्ट आणि दुष्ट यांचा न राहता सत्य आणि निष्ठा यांचा होतो. झगडा असा झाला की नाट्यास खोली येते.

टेनिसनचे घरही असेच भरडले जाते. जोडीदाराच्या पाहुण्यांसाठी स्वयंपाक करावयाचा तिने कबूल केलेले असते, आणि तपासाच्या धावपळीत ते राहून जाते. अशा लहान लहान गोष्टींनी तो संसार उसवत जातो. लेखिका यात कोणासही दोष देत नाही, आणि नायिकेच्या त्यागाचे पोवाडेही गात नाही. शेवटी मार्लो कबुली देतो. सहकारी, जे आरंभी तिच्याशी नीट बोलतही नसत, तिच्या पाठीशी उभे राहतात. येथे जुन्या पद्धतीची डिटेक्टिव्ह कथा आनंदाने संपली असती. हे नाटक त्यापुढे आणखी एक पाऊल टाकते. न्यायालयात मार्लो आपण निरपराध असल्याचे सांगतो आणि तेथेच पडदा पडतो. करार मोडलेला नाही, पण त्याला तडा गेला आहे. पुढे २००६ पर्यंत सात मालिकांतून टेनिसन वृद्ध होत गेली, मद्याच्या आहारी गेली, आणि अखेरीस निरोपसमारंभास पाठ दाखवून एकटीच निघून गेली. अद्भुताने सुरू झालेल्या कथेचा स्थायीभाव असा शोक होऊन बसला. डिटेक्टिव्ह कथेला माजघरात घ्यावे की नाही या जुन्या वादाचा निकाल येथेच लागतो, असे आम्हांस वाटते.

'प्राइम सस्पेक्ट'नंतर या जातीच्या पुष्कळ मालिका निघाल्या. त्यांतील दोहोंचा उल्लेख पुढील विवेचनासाठी आवश्यक आहे. ॲन क्लीव्ह्ज यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेली 'व्हेरा' ही मालिका २०११ पासून २०२५ पर्यंत चालली. तिची भूमी इंग्लंडच्या उत्तर टोकाचा नॉर्थंबरलंड परगणा. सॅली वेनराइट यांची 'हॅपी व्हॅली' २०१४ ते २०२३ या काळात झाली. ती यॉर्कशरमधील काल्डर नदीच्या खोऱ्यातली. या दोन्हींत त्या त्या मुलखाची बोली, हवा, पडीक माळ, बंद पडलेल्या गिरण्या, पोटापाण्याची विवंचना ही कथेत इतकी मुरलेली आहेत की तो मुलूख काढून घेतला तर कथाच उरणार नाही. इंग्लंडने जणू आपल्या एकेका परगण्याला एकेक शोधिका नेमून दिली आहे. गुन्हा कोठे घडला या प्रश्नाचे उत्तर नकाशावर बोट ठेवून देता यावे, हा या परंपरेचा एक दंडकच होऊन बसला आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. पांढरकवडा आणि राळेगाव या तालुक्यांचा टापू ज्यांनी पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे की, तेथे जंगल आणि शेत यांच्यामध्ये रेघ ओढता येत नाही. सागवानाचा एक पट्टा, त्याला लागून कपाशी आणि तूर, मग एक ओढा, पुन्हा झुडपी रान, आणि त्यात गुरे घेऊन गेलेला माणूस. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी रात्री जागलीला जाणे हा येथला नित्याचा क्रम. टिपेश्वरचे अभयारण्य याच भागात असले तरी वाघाला सरकारी हद्द वाचता येत नाही. २०१६ ते २०१८ या सुमारे दोन वर्षांत या टापूत तेरा माणसे वाघाच्या हल्ल्यात मेली असे सांगण्यात आले, आणि वनखात्याच्या दप्तरी टी-१ म्हणून नोंद असलेल्या वाघिणीकडे बोट दाखविण्यात आले. प्रकरण उच्च न्यायालयात व सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनखात्याच्या आदेशात हस्तक्षेप करण्याचे नाकारले. त्यानंतर जो शोध चालला तो कोणत्याही कादंबरीकाराच्या कल्पनेस लाजविणारा होता. हत्ती आणले गेले, आणि त्यांतलाच एक सुटून त्याच्या हल्ल्यात एक स्त्री मरण पावली. आकाशातून पाहणी करण्यासाठी पॅराग्लायडर आला, परदेशी जातीची कुत्री आली, वाघिणीला भुलविण्यासाठी विलायती अत्तर शिंपडले गेले. अखेर २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटी गावाच्या परिसरात ती वाघीण गोळीने ठार झाली. तिच्या मागे सुमारे दहा महिन्यांचे दोन बछडे राहिले.

त्या गोळीनंतर दोन निरनिराळे महाराष्ट्र दिसले. शहरांतून 'अवनी' या नावाने शोक झाला, मोर्चे निघाले. बोराटीच्या बाजूला फटाके वाजले. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत ठरलेल्या कार्यपद्धतीचे उल्लंघन झाल्याचा निष्कर्ष निघाला. त्या वेळी पांढरकवडा वनविभागाचा भार के. एम. अभर्णा या स्त्री-अधिकाऱ्यावर होता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

'शेरनी' १८ जून २०२१ रोजी प्रदर्शित झाला. चित्रपटगृहांवर साथीचे सावट असल्याने तो ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवरून थेट घरच्या पडद्यावर आला, आणि म्हणून त्याची तुलना टेलिव्हिजन-नाट्याशी करण्यात काही वावगे नाही. दिग्दर्शक अमित मसुरकर, कथा आस्था टिकू यांची. मसुरकरांचा आधीचा 'न्यूटन' (२०१७) हाही जंगलात कर्तव्य बजावू पाहणाऱ्या एका सरकारी नोकराचीच गोष्ट सांगतो. तेथे विनोदाची कड होती. येथे तो विनोद तोंडात कडवट होऊन राहतो. नायिका विद्या व्हिन्सेंट ही वनाधिकारी आहे. विद्या बालन यांनी पूर्वी 'बॉबी जासूस'मध्ये हौशी स्त्री-डिटेक्टिव्ह खुसखुशीत रंगविली होती. तीच नटी येथे इतकी मितभाषी आहे की, प्रेक्षकास तिच्या मुद्रेवरचे बारीक फरक वाचावे लागतात.

चित्रपटाचा आरंभच मार्मिक आहे. झाडाला बांधलेला कॅमेरा नीट चालतो की नाही हे पाहण्यासाठी वनखात्याचा एक माणूस हातापायांवर रांगत वाघाचे सोंग करतो. त्यानंतर कोरडा पाणवठा. मग पंजांचे ठसे, छायाचित्रे, मृतांच्या जागा आणि वाघिणीची वाट यांचा नकाशा. ही सारी डिटेक्टिव्ह कथेचीच सामग्री होय. संशयित तेवढा चतुष्पाद आहे. टी-१२ या क्रमांकाची वाघीण माणसांच्या वाटेत का येते, याचा विद्या शोध घेऊ लागते आणि धागा धरून मागे मागे जाते. गावकऱ्यांना गुरे घेऊन घनदाट रानात जावे लागते, कारण त्यांच्या चराईच्या जमिनीवर खात्यानेच सागाची लागवड केली आहे. वाघिणीला राष्ट्रीय उद्यानाकडे जावयाचे आहे, पण मध्ये तांब्याच्या खाणीचा प्रचंड खड्डा आहे. तो खड्डा पडद्यावर प्रथम दिसतो तेव्हा कोणी भाष्य करीत नाही. भाष्याची गरजही राहत नाही. गुन्हेगार सापडला आहे, आणि त्याला बेड्या घालता येणार नाहीत, कारण तो माणूस नाही. निरनिराळ्या कचेऱ्यांतून निरनिराळ्या दिवशी झालेल्या सह्यांची ती बेरीज आहे. यवतमाळच्या वाचकाला, ज्याने वणीच्या बाजूला कोळशाच्या खाणी आणि सागाच्या सरकारी रोपवनांच्या सरळ रांगा दोन्ही पाहिल्या आहेत, हा तर्क समजावून सांगावा लागत नाही.

येथे 'शेरनी' 'प्राइम सस्पेक्ट'च्या पुढे जाते. टेनिसनच्या कचेरीला सत्य गैरसोयीचे होते, तरी अखेर ते हवे होते. खुनी मोकळा राहावा असे ऑटलीलाही वाटत नव्हते. विद्याच्या कचेरीला सत्य नकोच आहे. निवडणूक जवळ आली आहे; एका पुढाऱ्याला वाघीण मरावयास हवी आहे आणि दुसऱ्याला तिच्या नावाने आरडाओरडा करावयाचा आहे. वरिष्ठ बन्सल शेरोशायरी करीत दिवस ढकलतो. पिंटू नावाच्या शिकाऱ्याला आपल्या कीर्तीत आणखी एक वाघ जमा करावयाचा आहे. नांगिया हा सुसंस्कृत ज्येष्ठ अधिकारी, ज्याच्यावर विद्याचा विश्वास आहे, तो ऐन वेळी विकास आणि समतोल यांच्या गोष्टी सांगू लागतो. नीरज काबी यांनी ही भूमिका फार संयमाने केली आहे. त्याच्या तोंडी एकही उणा शब्द नाही, आणि म्हणूनच त्याचा पराभूतपणा अंगावर येतो. शेवटी वाघीण मारली जाते. विद्याची बदली एका संग्रहालयात होते, आणि पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या काचेच्या कपाटांमधून फिरणाऱ्या नायिकेवर चित्रपट संपतो. सत्य सापडले, घेणारा कोणी नव्हता. करार मोडला.

दोन्ही नायिकांच्या घरगुती प्रसंगांतील साम्यही लक्षात घेण्याजोगे आहे. विद्याच्या सासूबाई पाहुणचारास जाताना सुनेच्या अंगावर दागिना असावा म्हणून आग्रह धरतात. नवरा मुंबईहून नोकरी टिकविण्याचा व्यवहारी सल्ला देतो. यात छळ नाही, मायाही आहे. पण दिवसभर प्रेतांच्या जागा मोजून आलेल्या बाईला त्या मायेचेही ओझे होते. टेनिसनच्या न झालेल्या स्वयंपाकाचा आणि विद्याच्या न घातलेल्या दागिन्याचा अर्थ एकच आहे. मात्र टेनिसन एकाकी आहे. विद्याला ज्योती भेटते. संपा मंडल यांनी उभी केलेली ही गावातली बाई ना वनखात्याच्या बाजूची, ना पुढाऱ्यांच्या. ती आपल्या शेजाऱ्यांच्या जिवाची काळजी करते आणि त्याच श्वासात वाघिणीच्या बछड्यांचीही. शहर आणि गाव यांच्यामधील जी फट २०१८ साली इतकी रुंदावली, ती बुजविण्याचा एक मार्ग या पात्रात सुचविलेला आहे. तिला आणखी जागा मिळावयास हवी होती.

गुणांचा असा मनमोकळा स्वीकार केल्यावर दोषांकडेही पाहिले पाहिजे. ऑटलीच्या तोडीचे माणूस 'शेरनी'त नाही. शिकारी आणि पुढारी हे ठळक रेषांनी काढलेले पुतळे आहेत. त्यांच्या मनात शिरण्याची तसदी घेतलेली नाही. पण याहून मोठा दोष दुसरा आहे, आणि तो पुन्हा 'प्राइम सस्पेक्ट'च्या त्या पहिल्या युक्तीकडे आपणांस नेतो. टेनिसनचे पहिले काम खुनी पकडण्याचे नव्हते; मेलेल्या बाईला तिचे खरे नाव परत देण्याचे होते. जिला कचेरी 'एक वेश्या' म्हणून विसरली तिला डेला म्हणून आठवणे आणि कॅरनला कॅरन म्हणून तिच्या आईबापांच्या स्वाधीन करणे, हे त्या नाटकाचे नैतिक अधिष्ठान आहे. तपास म्हणजे शेवटी मृतांची नीट नोंद ठेवणे, हा त्याचा ध्वनी होय.

'शेरनी'तील मृत माणसे मात्र नोंदीवाचूनच राहतात. ती मरतात, गर्दी जमते, घोषणा होतात, आणि कथा वाघिणीच्या मागे निघून जाते. मेलेल्याच्या ओसरीवर चित्रपट क्षणभर टेकतो. आत जाऊन बसत नाही. त्या घरात उद्या गुरे कोण नेणार, जागलीला कोण जाणार, हे तो विचारीत नाही. प्रत्यक्ष प्रकरणातही हेच झाले होते. वाघिणीला नाव मिळाले आणि ते देशभर झाले. त्या तेरांपैकी एकाचेही नाव जिल्ह्याबाहेर कोणाच्या स्मरणात राहिले नाही. वाघिणीविषयी कळवळा असणे मुळीच गैर नव्हे, आणि या दोन दुःखांत स्पर्धाही लावावयाची नाही. पण जो चित्रपट ज्योतीसारखे पात्र निर्माण करतो, त्याने तिच्या शेजारच्या घरातील सुतकही पाहावयास हवे होते. मृतांची खरी नावे पडद्यावर आणून त्यांच्या आप्तांचे दुःख चव्हाट्यावर मांडावे, असे आम्ही म्हणत नाही. नाव कल्पित चालले असते. माणूस खरा असावयास हवा होता.

याच दोषाची दुसरी बाजू स्थळाची आहे. चित्रपटाने कथा मध्य प्रदेशात, बिजासपूर नावाच्या कल्पित वनविभागात नेली. कल्पिताचा आश्रय घेतल्याने कलावंतास मोकळीक मिळते, आणि न्यायालयांतून फिरून आलेल्या प्रकरणाबाबत सावधपणाही समजण्याजोगा आहे. तथापि त्याची किंमत पडते. कापसाच्या शेतात वाघ येणे ही यवतमाळची गोष्ट आहे. सलग, घनदाट अरण्यातील वाघाची गोष्ट ही नव्हे. कपाशी उंच वाढली म्हणजे वेचणीला गेलेल्या बाईला चार हातांवरचे दिसत नाही, ही भीती बिजासपूरच्या देखण्या रानात उगवत नाही. 'व्हेरा'तून नॉर्थंबरलंड किंवा 'हॅपी व्हॅली'तून काल्डरचे खोरे काढून घेतले असते तर जे झाले असते, ते येथे थोडेबहुत झालेले आहे. आपला जिल्हा वर्तमानपत्रांत येतो तो शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या आकड्यांसाठी. वाघिणीच्या निमित्ताने तो एका मोठ्या कथेची भूमी होऊ शकला असता; तेथेही त्याचे नाव पुसले गेले.

चित्रपटाचा शेवट बछड्यांच्या बाबतीत आशेचा आहे. विद्या आणि तिचे साथीदार गावकऱ्यांच्या मदतीने त्यांचा माग काढतात, आणि ते सुखरूप असतात. वस्तुस्थिती अधिक कठोर होती. टी-१ च्या मादी बछड्याला २२ डिसेंबर २०१८ रोजी पकडून पेंचला नेण्यात आले. मार्च २०२१ मध्ये तिला रानात सोडण्यात आले, आणि थोड्याच दिवसांत तेथल्या वाघिणीशी झालेल्या झुंजीतील जखमांनी ती मेली. 'शेरनी' लोकांपुढे येण्यास तेव्हा तीन महिनेच उरले होते. नर बछडा वनखात्याच्या हाती लागला नाही. ज्या प्रेक्षकास हे ठाऊक आहे त्याला शेवटचे ते कोवळे डोळे पाहताना समाधान होत नाही, आणि दिग्दर्शकाने योजिले नसेल इतके कारुण्य त्या दृश्यात आपोआप उतरते.

इतके दोष दाखवूनही 'शेरनी' ही महत्त्वाची कृती आहे असेच आमचे म्हणणे आहे. सज्जन अधिकाऱ्याने एकट्याने सर्वांना लोळविल्याची खोटी कथा तिने सांगितली नाही. नायिकेला हरू दिले, आणि ती हरली तरी तिने शोधून काढलेले सत्य प्रेक्षकाच्या हवाली केले. 'प्राइम सस्पेक्ट' पाहून उठताना प्रेक्षक टेनिसनविषयी चिंता करतो. 'शेरनी' पाहून उठताना त्याला स्वतःविषयी चिंता करावी लागते. कचेरीने घेतले नाही ते सत्य आता त्याच्याकडे आले आहे, आणि तो ते घेणार की नाही हा प्रश्न उरतो. चराईची जमीन कोणी घेतली, वाघाची वाट कोणी अडविली, आणि त्या दोहोंच्या मध्ये सापडून जी माणसे मेली त्यांचे काय, हे विचारण्यासाठी वनाधिकारी असण्याची आवश्यकता नाही.

अर्नाळकरांच्या झुंजारवर वाढलेल्या भाषेत, यवतमाळची बोली बोलणारी आणि पांढरकवड्याच्या काळ्या मातीत पाय रोवून उभी राहणारी शोधिका निर्माण होण्यास हरकत कोणती, हे आम्हांस कळत नाही. सामग्रीचा तुटवडा खचित नाही. असे नाट्य किंवा अशी कादंबरी मराठीत होईल तेव्हा तिने बोराटीला बोराटी म्हणावे, आणि वाघिणीच्या मागे रानात शिरण्यापूर्वी मेलेल्याच्या घरी जाऊन बसावे. लिंडा ला प्लांट यांच्या नायिकेने तपासाचा आरंभ तेथूनच केला होता.